टॅसिटस विरुद्ध ब्रॉन्झचा पत्रा: पीसोच्या खटल्यावरून ॲनल्स कशी वाचावी

कांस्यपट

रोमन इतिहासकार टॅसिटसचा विषय निघाला की चर्चा बहुधा दोन ठिकाणी अडते: नीरोच्या काळातली रोमची आग, आणि 'राग-लोभ न धरता लिहीन' ही त्याची सुरुवातीची प्रतिज्ञा. या धाग्यात मुद्दाम तिसरंच प्रकरण घेतोय. त्याच्या ॲनल्सचं, म्हणजे रोमन सम्राटांच्या इतिहासाचं, तिसरं पुस्तक, प्रकरणं १० ते १९, म्हणजे ग्नेयस कॅल्पुर्नियस पीसोचा खटला. या खटल्याचा सरकारी दस्तऐवज आपल्या हाती आहे आणि तो टॅसिटसच्या मजकुराशेजारी ठेवून कलमवार ताडून बघता येतो. प्राचीन इतिहासकाराच्या बाबतीत अशी संधी फार क्वचित मिळते.

पार्श्वभूमी थोडक्यात. जर्मॅनिकस हा सम्राट टायबेरियसचा पुतण्या आणि दत्तक मुलगा. १० ऑक्टोबर इ.स. १९ रोजी तो अँटिओकजवळ वारला. मरताना त्याने सीरियाचा सुभेदार पीसो आणि त्याची बायको प्लँकिना यांच्यावर ठपका ठेवला. पीसो प्रांत सोडून गेला होता, तो जर्मॅनिकसच्या मृत्यूनंतर शस्त्रबळाने परत यायला निघाला आणि हरला. इ.स. २० मध्ये रोमच्या सिनेटपुढे खटला उभा राहिला. निकाल लागण्यापूर्वीच पीसो गळा चिरलेल्या अवस्थेत सापडला, तलवार बाजूला जमिनीवर.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस स्पेनच्या दक्षिण भागात, म्हणजे जुन्या बेटिका प्रांतात, ब्रॉन्झचे पत्रे उजेडात आले. त्यांवर याच खटल्याबद्दलचा सिनेटचा ठराव कोरलेला होता. व्हेर्नर एक, अंतोनियो काबायोस आणि फेर्नांदो फेर्नांदेस यांनी तो १९९६ साली जर्मन आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत प्रसिद्ध केला. मुख्य प्रत चार स्तंभांची, १७६ ओळींची, जवळजवळ पूर्ण. बाकीच्या प्रतींचे तुकडे आहेत, पण मुख्य प्रतीतल्या कोरणाऱ्याच्या चुका दुरुस्त करायला तेही कामी येतात.

रोमचा ठराव स्पेनमध्ये पत्र्यांवर कसा पोचला, याचं उत्तर ठरावाच्या शेवटीच आहे. प्रत्येक प्रांताच्या सर्वांत गजबजलेल्या शहरात गजबजलेल्या जागी आणि प्रत्येक सैन्यतुकडीच्या हिवाळी छावणीत ध्वजांपाशी हा मजकूर ब्रॉन्झवर कोरून लावावा, असा हुकूम होता. मुख्य प्रतीच्या माथ्यावर ज्या प्रोकॉन्सलचं, म्हणजे प्रांताच्या सुभेदाराचं, नाव आहे, तो विबियस सेरेनस. हा गृहस्थ ॲनल्सच्या चौथ्या पुस्तकात भेटतो: आधी सत्तेच्या गैरवापराबद्दल दोषी ठरलेला, आणि नंतर पोटच्या मुलानेच साखळदंडात सिनेटपुढे उभा केलेला.

आता काय जुळतं ते बघू.

टॅसिटस म्हणतो (३.१४, म्हणजे तिसरं पुस्तक, चौदावं प्रकरण) की सगळ्या आरोपांपैकी विषप्रयोगाचा तेवढा पीसोने खोडून काढल्यासारखं दिसलं. ठरावात विषाचा शब्द नाही. तिथे फक्त एवढंच आहे की आपल्या मृत्यूला पीसो कारणीभूत आहे असं जर्मॅनिकसने स्वतः सांगितलं होतं. सिनेटने नेमकी कच्ची बाजू टाळली आहे.

टॅसिटस म्हणतो (३.१७-१८) की कॉन्सल (त्या वर्षीचा सर्वोच्च अधिकारी) कोट्टाने पीसोचं नाव अधिकाऱ्यांच्या वार्षिक यादीतून, म्हणजे फास्टींतून, खोडावं असं सुचवलं आणि टायबेरियसने ते होऊ दिलं नाही, कारण देशाविरुद्ध लढलेल्या मार्क अँटनीचं नावही तिथे शाबूत होतं. ठरावात फास्टींचा उल्लेखच नाही. नाव खोडायला सांगितलंय ते रोममधल्या कँपस मार्शियस या मैदानातल्या जर्मॅनिकसच्या पुतळ्याखालच्या लेखातून. थोरल्या मुलाने बापाचं पहिलं नाव बदलावं, हे दोन्हीकडे आहे. त्याने बदललंही: ग्नेयसचा तो लुशियस झाला आणि इ.स. २७ मध्ये कॉन्सल झाला.

आणि प्लँकिना. सम्राटाची आई लिविया हिच्या भिडेखातर तिला सोडलं आणि टायबेरियसने लाज वाटावी अशा शब्दांत तिची रदबदली केली, असं टॅसिटस लिहितो. हा त्याचा लिवियाद्वेष, अशी शंका घ्यायला इथे पूर्वी जागा होती. पण ब्रॉन्झवर स्वच्छ कोरलंय: आईच्या विनंतीवरून सम्राटाने विनंती केली आणि सिनेटने ती मान्य केली. साम्राज्यभर चौकाचौकांत हे लावलं गेलं होतं!

न जुळणाऱ्या गोष्टी दोन: तारीख आणि सूर. तारखेवर इथल्या जाणकारांनी लिहावं, मी सुराकडे नंतर येतो.

मेधा_क

तारखेचा घोळ सांगते. तो वरवर किरकोळ दिसतो, पण टॅसिटस वर्षाची मांडणी कशी करतो हे त्यातून कळतं.

ठरावाची तारीख पक्की आहे: १० डिसेंबर इ.स. २०, स्थळ पॅलटाइनवरचा अपोलोच्या मंदिरालगतचा स्तंभमंडप. टॅसिटसमध्ये खटला संपल्यावर (३.१९) टायबेरियसचा मुलगा ड्रुसस शहराबाहेर जाऊन पुन्हा मिरवणुकीने आत येतो. ती मिरवणूक कोरीव फास्टींनुसार २८ मेची आहे. म्हणजे टॅसिटसच्या क्रमाने खटला मेच्या अखेरीपूर्वी संपायला हवा. मग ठराव डिसेंबरचा कसा?

यावर दोन तट आहेत.

व्हेर्नर एक आणि त्यांचे सहकारी म्हणतात की खटला नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाला आणि टॅसिटसने तो पुढे ओढून वर्षाच्या सुरुवातीला, जर्मॅनिकसच्या अस्थी रोमला आल्या त्या प्रसंगाला जोडून ठेवला. वुडमन आणि मार्टिन यांनी १९९६ सालीच तिसऱ्या पुस्तकावर भाष्य काढलं. त्यांचं म्हणणं असं की खटला मेमध्येच संपला, डिसेंबरचा दस्तऐवज हा निरनिराळ्या बैठकींतल्या निर्णयांचं एकत्रित, प्रसिद्धीसाठी तयार केलेलं रूप आहे.

आता टॅसिटसच्याच मजकुरातून वेळेचा हिशेब करा. ३.६ मध्ये टायबेरियस लोकांना सुतक आवरतं घ्यायला सांगतो, कारण मेगालेसियाचे खेळ तोंडावर आले आहेत. ते ४ एप्रिलला सुरू होतात. पीसो त्यानंतर येतो, तोही सावकाश: आधी ड्रुससची गाठ घेतो, मग ॲड्रियाटिक ओलांडून नार्नियाहून होडीने टायबर नदीतून. फिर्यादींचे वाद, वकील शोधणं, आरोपाला दोन दिवस, मध्ये सहा दिवसांची खीळ, बचावाला तीन दिवस (३.१३), पुढच्या बैठकी, शिक्षेवरची चर्चा. हे सगळं २८ मेच्या आत बसतं, पण कोंबून बसतं.

विरुद्ध बाजूला व्हेर्नर एक यांच्या तारखेचीही अडचण आहे. डिसेंबरचा खटला धरला तर ३.१९ मधला 'मोक्स' म्हणजे 'लवकरच' हा शब्द सरळसरळ खोटा ठरतो. टॅसिटस प्रसंग पुढेमागे करतो हे मान्य, पण इतका उघड दुवा देऊन तो सहसा करत नाही. माझा कल तरीही व्हेर्नर एक यांच्याकडे आहे, कारण ठरावाच्या सुरुवातीला सम्राटाने सिनेटपुढे ठेवलेले प्रश्न ताज्या प्रकरणासारखे वाचले जातात: पीसोचं प्रकरण कसं वाटलं, त्याने स्वतःला दिलेला मृत्यू योग्यच होता का, मुलगा मार्कसचं काय, प्लँकिनाचं काय, व्हिसेलियस कारस आणि सेंप्रोनियस बासस या साथीदारांचं काय. सहा महिने शिळ्या विषयावर अशी यादी कोण मांडेल?

उत्खननवाला

मेधाताई, शेवटचा मुद्दा तितका भक्कम नाही. रोमन ठरावाची ही ठरलेली चौकट आहे: 'अमक्याने अमुक विषय मांडला', मग 'त्याबद्दल असं ठरलं'. एकत्रित मसुदा करतानाही चौकट तीच वापरतील. तिच्यावरून प्रकरण ताजं की शिळं हे सांगता येत नाही.

मिरियम ग्रिफिन यांनी १९९७ साली जर्नल ऑफ रोमन स्टडीजमध्ये यावर सविस्तर लिहिलंय, तिथे ठरावाचं इंग्रजी भाषांतरही मिळेल. १९९९ साली अमेरिकन जर्नल ऑफ फिलॉलॉजीचा एक अख्खा अंक याच ठरावाला वाहिलेला होता, त्यात पॉटरची संहिता आणि डेमनचं भाषांतर आहे. लॅटिन येत नसेल तर हे दोन पुरेत. येत असेल तर १९९६ ची मूळ आवृत्ती टाळू नका, तिच्यात छायाचित्रं आहेत आणि प्रतींतले फरक वेगवेगळे दाखवले आहेत.

नीलांबरी

फार उपयुक्त धागा. पण एक विचारते. तपशील इतके जुळत असतील तर टॅसिटसवर पक्षपाताचा आरोप का होतो? आणि सर्वसाधारण वाचकाने तो पक्षपात पानावर ओळखायचा कसा?

कांस्यपट

नीलांबरी, अगदी नेमका प्रश्न. 'सूर' म्हटलं होतं ते हेच.

३.१५ मध्ये पीसोच्या मृत्यूची हकिगत आहे. लगेच ३.१६ उघडा. टॅसिटस म्हणतो: वडीलधाऱ्यांकडून ऐकल्याचं आठवतं की पीसोच्या हातात बरेचदा कागदांची एक गुंडाळी दिसायची. तिच्यात टायबेरियसची पत्रं आणि जर्मॅनिकसविरुद्धचे आदेश होते असं त्याचे मित्र सांगत. आणि तो आपल्या हाताने मेला नाही, मारेकरी पाठवला गेला. यावर टॅसिटसचं वाक्य: यांतलं काहीच मी ठामपणे सांगणार नाही, पण माझ्या तरुणपणापर्यंत हयात असलेल्यांनी सांगितलेलं लपवणंही योग्य नाही.

काय केलं बघा. दोन गंभीर आरोप मांडले, दोन्हींची जबाबदारी झटकली आणि वाचकाच्या डोक्यात दोन्ही ठेवून पुढे गेला. याउलट ठराव 'त्याने स्वतःला दिलेला मृत्यू' हे गृहीत धरूनच प्रश्न विचारतो. टॅसिटसने खोटं असं काहीच लिहिलं नाही. अफवा होती, तिची त्याने अफवा म्हणूनच नोंद केली. पण जागा अशी निवडली की प्रेताशेजारीच अफवा.

याच जातीची दुसरी युक्ती म्हणजे झुकवलेला पर्याय. इनेझ स्कॉट रायबर्ग यांनी १९४२ साली टॅसिटसच्या सूचक लेखनावर लेख लिहिला. व्हाइटहेड यांच्या १९७९ च्या लेखात या पर्यायांचा नीट अभ्यास आहे. 'हे असेल किंवा ते असेल, नक्की सांगता येत नाही' असं म्हणायचं, पण वाईट शक्यता दुसरी ठेवायची आणि तिलाच जास्त शब्द द्यायचे.

ओळखायची रीत सांगतो. एक प्रकरण घ्या आणि तीन वेळा वाचा.

पहिल्या वाचनात फक्त ती वाक्यं खुणा करा जी टॅसिटस स्वतःच्या जबाबदारीवर सांगतो: कोण आला, कोण बोलला, किती दंड, कुठला ठराव.

दुसऱ्यात 'म्हणतात', 'मानलं जाई', 'अफवा होती', 'अनिश्चित' हे शब्द शोधा. लॅटिनमध्ये फेरुंत, क्रेडेबातुर, रूमोर, इन्सेर्टुम. भाषांतरात हे शब्द गळतात किंवा पातळ होतात, म्हणून भाषांतर कुठलं हे फार महत्त्वाचं. चर्च आणि ब्रॉड्रिब यांचं १८७६ चं भाषांतर जालावर सर्वत्र फुकट मिळतं, पण ते वाक्यं सरळ आणि गुळगुळीत करतं. वुडमन यांचं २००४ चं भाषांतर वाचायला खडबडीत, पण शब्दक्रम आणि हे सगळे बिजागरे जागच्या जागी ठेवतं. या कामासाठी तेच घ्या.

तिसऱ्या वाचनात दुसऱ्या प्रकारची वाक्यं झाकून फक्त पहिल्या प्रकारची वाचा. पीसोच्या प्रकरणात असं केलं तर जे उरतं ते ब्रॉन्झच्या ठरावाशी जवळपास सगळं जुळतं, आणि त्यातला टायबेरियस बऱ्यापैकी न्यायी दिसतो: फास्टींतून नाव काढू देत नाही, मार्कसला वाचवतो, सोन्याचा पुतळा आणि सूडाची वेदी या सूचना फेटाळतो. हे सगळं टॅसिटसनेच दिलंय! द्वेषाने आंधळा झालेला लेखक हे गाळून टाकता.

मेधा_क

या रीतीला एक जोड देते: शक्य तिथे दुसरा साक्षीदार बघा. १.५ मध्ये पहिला सम्राट ऑगस्टस नोला इथे मरणशय्येवर आहे. टॅसिटस म्हणतो, टायबेरियस पोचला तेव्हा ऑगस्टस जिवंत होता की गेलेला, हे नीट कळलेलं नाही, कारण लिवियाने घराभोवती कडक पहारा ठेवला होता. इतिहासकार वेलेयस (२.१२३) आणि सम्राटांचा चरित्रकार सुइटोनियस (टायबेरियस २१) दोघंही भेट झाली असं सांगतात. वेलेयस टायबेरियसच्या हाताखाली लढलेला, म्हणून त्याचं सोडा. पण सुइटोनियस टायबेरियसचा मित्र नव्हे, तोही दिवसभर एकांतात बोलणं झालं म्हणतो. इथे 'अनिश्चित' हा शब्द पुराव्यापेक्षा जास्त भार वाहतोय.

आणि लगेच पुढे १.६: 'नव्या राजवटीचं पहिलं दुष्कृत्य म्हणजे पोस्टुमस अग्रिपाचा खून' (हा ऑगस्टसचा नातू). आता नीरोची कारकीर्द सुरू होते ते १३.१ उघडा: 'नव्या राजवटीतला पहिला मृत्यू' म्हणून युनियस सिलानस. दोन्ही ठिकाणी वारसाला गादी मिळवून देणारी आई पडद्यामागे: तिथे लिविया, इथे अग्रिपिना. मार्टिन यांनी १९५५ सालच्या लेखात हा प्रतिध्वनी तपासलाय. त्यामुळे लिवियावरचे संशय किती टायबेरियसच्या काळातले आणि किती अग्रिपिनाच्या नमुन्यावरून मागे रंगवलेले, हा प्रश्न खरा आहे.

सह्यकडा

इथे वुडमन यांची मूळ भूमिका यायला हवी. १९८८ च्या पुस्तकात ते म्हणतात की प्राचीन इतिहासलेखन हे वक्तृत्वशास्त्राचंच अंग होतं. काही पक्के मुद्दे मिळाले की बाकीचं 'असं घडलं असणार' या हिशेबाने भरायचं, हा लेखकाचा मान्य अधिकार होता. उदाहरण त्यांनी आधीच, १९७९ साली दिलं होतं: इ.स. १५ मध्ये जर्मॅनिकस रोमन सैन्याचा संहार झाला त्या ट्यूटोबर्गच्या रणभूमीवर जातो (१.६१-६२), ते वर्णन टॅसिटसच्याच हिस्टरीज या दुसऱ्या ग्रंथात सम्राट व्हिटेलियस बेड्रियाकुमच्या रणभूमीवर जातो (२.७०) त्याच्याशी इतकं मिळतंजुळतं आहे की स्वतःचंच साहित्य फिरवून वापरलंय.

हे मान्य केलं तर वरची तीन वाचनांची रीत अर्धीच पुरते. कारण 'स्वतःच्या जबाबदारीवर' सांगितलेलं वर्णनही रचलेलं असू शकतं.

उत्खननवाला

सह्यकडा, हा आक्षेप योग्य आहे, पण नेमक्या त्याच उदाहरणावर जमिनीतून काहीतरी आलंय. जर्मनीत ओस्नाब्रुकजवळच्या काल्क्रीझ इथे १९८७ पासून रोमन सैन्याच्या संहाराच्या खुणा मिळत गेल्या. तिथल्या खड्ड्यांत माणसांची आणि खेचरांची हाडं एकत्र पुरलेली सापडली. हाडांच्या अवस्थेवरून ती पुरण्यापूर्वी काही वर्षं उघड्यावर पडलेली होती. संहार इ.स. ९ चा, जर्मॅनिकसची भेट इ.स. १५ ची. सहावं वर्ष! टॅसिटस म्हणतो, आपली की परकी हाडं हे न कळता सैनिकांनी ती पुरली.

काल्क्रीझ म्हणजेच रोमन सेनापती वारस याच्या तीन तुकड्यांचा शेवट झाला ती जागा, यावर अजून वाद आहे हे मान्य. आणि पांढरी पडलेली हाडं, झाडांना ठोकलेल्या कवट्या हे शब्दचित्र साहित्यिक असेलही. पण हाडं पुरली हा गाभा आता निव्वळ अलंकार म्हणून टाकून देता येत नाही. शब्द उसने असले म्हणजे घटनाही उसनी, हा निष्कर्ष वुडमनवादी फार झटपट काढतात असं माझं मत.

असंच ताबुला सियारेन्सिसचं. १९८२ साली सेव्हिलजवळ सापडलेला जर्मॅनिकसच्या सन्मानांचा ठराव. टॅसिटस (२.८३) तीन कमानी सांगतो: रोम, ऱ्हाइनचा काठ, सीरियातला अमानस डोंगर. पत्र्यावर याच तीन. त्याने सिनेटचं दप्तर स्वतः चाळलं की मधल्या कुणा लेखकाकडून घेतलं हे वेगळं, पण माहिती दप्तरातली आहे. रोनाल्ड साइम यांनी टॅसिटसवरच्या १९५८ च्या दोन खंडांत दप्तरी साधनांवर जो भर दिला होता, त्याला या पत्र्यांनी बळ दिलं. साइम वाचताना मात्र एक पथ्य पाळा: मुख्य मजकुरापेक्षा मागची ९५ परिशिष्टं आधी चाळा. पुरावा तिथे आहे, मुख्य मजकुरात बरेचदा नुसता निकाल आहे.

नीलांबरी

भाषणांचं काय? ती तर सरळ त्याने लिहिलेली ना?

मेधा_क

एक भाषण आपण तपासू शकतो. इ.स. ४८ मध्ये सम्राट क्लॉडियसने गॉलमधल्या सरदारांना रोममधली पदं मिळावीत म्हणून सिनेटपुढे केलेलं. ते ११.२४ मध्ये आहे, आणि मूळ भाषणाचा ब्रॉन्झचा पत्रा १५२८ साली लियों शहरात सापडला. दोन स्तंभ, वरचा भाग तुटलेला.

पत्र्यावरचा क्लॉडियस भरकटतो. रोमचा जुना राजा सर्व्हियस टुलियस हा एट्रुस्कन लेखकांच्या मते मस्टार्ना, असा जुन्या इतिहासाचा पाल्हाळ. मध्येच क्लॉडियसलाच उद्देशून 'टायबेरियस सीझर जर्मॅनिकस, तुझ्या भाषणाचा रोख कुठे आहे ते सभासदांना सांगायची आता वेळ झाली' असं वाक्य येतं. टॅसिटसने हे सगळं काढून सॅबाइन पूर्वज क्लॉससपासून सुरुवात केली, युक्तिवाद सरळ केला आणि 'आज आपण ज्याला दाखल्यांचा आधार देतोय तेही उद्या दाखला होईल' यावर संपवलं. हे वाक्य पत्र्याच्या उरलेल्या भागात नाही. पण 'नवं काही नाही, रोम नेहमीच बदलत आलं' हा गाभा दोन्हीकडे तोच. ग्रिफिन यांचा १९८२ चा लेख दोन्ही मजकूर समोरासमोर ठेवतो. एका भाषणावरून सगळ्या भाषणांचा नियम काढू नका. कॅल्गाकससारख्या ब्रिटनमधल्या शत्रूच्या तोंडच्या भाषणाला असं कुठलंही दप्तर नव्हतं.

पाठभेद

आतापर्यंत सगळे 'टॅसिटस म्हणतो' असं लिहीत आहेत. खरं तर 'हस्तलिखित म्हणतं' असं म्हणायला हवं, आणि इथे हस्तलिखित म्हणजे अक्षरशः एक.

ॲनल्स १ ते ६ साठी नवव्या शतकातलं एक हस्तलिखित, पहिला मेडिसियस. ते जर्मनीतल्या कोर्वे मठातून सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला रोमला आलं, १५१५ साली बेरोआल्डसने छापलं. ११ ते १६ आणि हिस्टरीज १ ते ५ साठी दुसरा मेडिसियस, अकराव्या शतकात माँते कासिनोला बेनेव्हेंटन लिपीत लिहिलेला. दोन्ही आज फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात. ७ ते १०, पाचव्याचा बहुतेक भाग, अकराव्याची सुरुवात आणि सोळाव्याचा शेवट गेलेला. म्हणजे कॅलिगुलाची सबंध कारकीर्द नाही. विसाव्या शतकात लायडनच्या एका पंधराव्या शतकातल्या प्रतीला काही जणांनी स्वतंत्र साक्षीदार मानलं होतं, पण ते आता फारसं कुणी धरत नाही.

एकच प्रत असली की अडलेल्या जागी दुसरी प्रत मदतीला येत नाही, तर्कच लढवावा लागतो. एक नमुना सविस्तर देतो.

१२.३१, ब्रिटनमधला सेनापती ओस्टोरियस. हस्तलिखितात 'कुंक्ता कास्त्रिस अँटोनाम एत साब्रिनाम फ्लुव्हिओस कोहिबेरे पारात'. शब्दशः: अँटोना आणि साब्रिना नद्यांना छावण्यांनी रोखायची तयारी करतो. साब्रिना म्हणजे सेव्हर्न, ठीक. अँटोना नावाची नदी मात्र कुठेच नाही. आणि 'कुंक्ता' म्हणजे 'सगळं काही' हे कर्म अधांतरी लोंबकळतं. जुन्या नकाशांवर ही अँटोना कुठेतरी बसवायचे प्रयत्न झाले, सगळे ओढूनताणून.

आता शब्दांमधली मोकळी जागा काढून टाका: कास्त्रिसांतोनाम. 'कास्' च्या जागी 'किस्' वाचा आणि नव्याने तोडा: किस त्रिसांतोनाम. 'त्रिसांतोनाच्या अलीकडचं सगळं काही'. त्रिसांतोना म्हणजे ट्रेंट. वाक्य बसलं, कर्म बसलं, नकाशा बसला: ट्रेंट आणि सेव्हर्न यांच्या अलीकडचा मुलूख. एकोणिसाव्या शतकात हेन्री ब्रॅडली यांनी सुचवलेली ही दुरुस्ती आज बहुतेक आवृत्त्यांत आहे. चूक का झाली तेही उघड आहे: लेखनिकाला परकं नदीचं नाव माहीत नव्हतं, छावणी हा शब्द रोजचा.

पण प्रत्येक जागा अशी सुटत नाही. १.१० मध्ये ऑगस्टसच्या टीकाकारांच्या तोंडी 'क्वे तेदी एत वेदी पोलिओनिस' असं आहे. वेदियस पोलिओ माहीत आहे, श्रीमंत आणि क्रूर. 'क्वे तेदी' कोण? क्विंटस टेडियस म्हणावं तर असा माणूस ऐयाशीसाठी कुठेच ज्ञात नाही. पुढच्या 'वेदी'मुळे लेखनिकाकडून चुकून झालेली द्विरावृत्ती असेल. अशा जागी संपादक खंजिराची खूण घालतात. ती खूण दिसली की त्या नावावर कुठलाही निष्कर्ष उभारू नका.

आवृत्तीबद्दल: फिशरची १९०६ ची ऑक्सफर्ड आवृत्ती जालावर मिळते, कामापुरती चांगली. अभ्यासाला हॉयबनरची १९८३ ची टॉयब्नर मालिकेतली आवृत्ती. आणि भाष्य नेहमी त्या त्या पुस्तकाचं घ्या: पहिल्या-दुसऱ्याला गुडइयर, तिसऱ्याला वुडमन-मार्टिन, अकराव्याला मॅलोक, पंधराव्याला ॲश. सबंध ॲनल्ससाठी एकच हवं असेल तर जुनं फर्नो.

सह्यकडा

ॲनल्स पंधराव्या शतकात पोज्जो ब्राच्चोलिनी या इटालियन विद्वानाने बनवली, असं अजूनही जालावर फिरतं. त्याचा निकाल इथेच लावून टाका.

पाठभेद

रॉस यांनी १८७८ साली आणि ओशार यांनी १८९० साली ही टूम काढली. पोज्जो १४५९ साली वारला. ११ ते १६ पुस्तकं १४७० च्या सुमारास व्हेनिसला छापून झाली. त्यात क्लॉडियसचं भाषण आहे, आणि त्या भाषणाचा पत्रा १५२८ साली जमिनीतून निघाला. कमानींचा पत्रा १९८२ चा, पीसोचा त्यानंतरचा. शिवाय इ.स. ४०० च्या आसपास सल्पिशियस सेव्हेरसने ख्रिश्चनांबद्दलच्या १५.४४ मधली वाक्यं जवळपास शब्दशः उचलली आहेत. आणि दोन्ही हस्तलिखितांचं अक्षर नवव्या आणि अकराव्या शतकाचं आहे.

१५.४४ निघालंच आहे म्हणून एक बारीक गोष्ट. दुसऱ्या मेडिसियसमध्ये 'ख्रिस्तियानोस' या शब्दात 'इ' हे अक्षर खरवडलेल्या जागेवर आहे. मूळ लेखनिकाने 'क्रेस्तियानोस' लिहिलं होतं. आंद्रेसेन यांनी हे १९०२ साली नोंदवलं आणि पुढे अतिनील किरणांखाली त्याला दुजोरा मिळाला. म्हणून टॅसिटसच्या मते सामान्य लोक 'क्रेस्तियानोस' म्हणत, आणि तो लगेच मूळ नाव 'क्रिस्तुस' असं सांगतो, हा अर्थ जास्त सयुक्तिक लागतो. आगीनंतर नीरोने ख्रिश्चनांचा छळ केला हा प्रसंगच ऐतिहासिक नाही, असं शॉ यांनी २०१५ साली मांडलं. जोन्स यांनी २०१७ साली त्याला उत्तर दिलं. मला जोन्सची बाजू पटते: टॅसिटसने हे नाव आशिया प्रांतातल्या (आजचं पश्चिम तुर्कस्तान) स्वतःच्या कारभाराच्या काळातून मागे ढकललं, असं मानायला त्याच्या मजकुरात कुठे सांधा दिसत नाही.

मेधा_क

आशियाचा कारभार म्हणजे इ.स. ११२-११३, मिलासाच्या शिलालेखावरून. ॲनल्स त्यानंतर किती वर्षांनी, हे अजून एका शब्दावर अडलंय. २.६१ मध्ये जर्मॅनिकस इजिप्तमध्ये एलिफंटिनी आणि सायीनीला पोचतो. ही एके काळी साम्राज्याची हद्द होती, 'जी आता रुब्रुम मारेपर्यंत पसरली आहे' असं वाक्य आहे. रुब्रुम मारे म्हणजे आजचा लाल समुद्र घेतला तर सम्राट ट्रेजनने इ.स. १०६ मध्ये अरेबिया जोडला त्यानंतर कधीही. इराणचं आखात घेतलं तर ट्रेजन तिथे ११६ मध्ये पोचला, आणि त्याच्यानंतरचा सम्राट हेड्रियनने ११७ मध्ये तो मुलूख सोडला. मग 'आता' हा शब्द जेमतेम वर्षभरासाठी खरा. साइम आखाताच्या बाजूचे, आणि बाकीची पुस्तकं हेड्रियनच्या काळात लिहिली असं त्यांचं मत. तसं असेल तर १.६ आणि १३.१ मधले 'नव्या राजवटीचे पहिले' खून वाचताना हेड्रियनच्या सुरुवातीला मारले गेलेले चार माजी कॉन्सल वाचकांना आठवले असतील. पण लाल समुद्र धरला तर हा सगळा डोलारा कोसळतो. इजिप्तच्या दक्षिण सीमेवर उभं राहून बोलणाऱ्याने जवळचा समुद्र सोडून आखात का म्हणावं, याचं समाधानकारक उत्तर मला साइम यांच्यात मिळालेलं नाही.

कांस्यपट

मेधाताई, गुडइयर यांनी दुसऱ्या पुस्तकाच्या भाष्यात (१९८१) दोन्ही अर्थांची बाजू तपासली आहे, २.६१ वरची टीप बघा. पहिलं पुस्तक कधी लिहिलं याचा निर्णय मात्र २.६१ वरून होत नाही. लेखकाने ते वाक्य नंतर घातलेलं असू शकतं. म्हणून १.६ बद्दल हेड्रियनचा दाखला देताना निदान तेवढी फट उघडी ठेवायला हवी. पुढच्या प्रतिसादात ३.१८ मधला क्लॉडियसचा प्रसंग घेतो: आभाराच्या यादीत त्याचं नाव गाळलं गेलं आणि अस्प्रेनास या सिनेटरने विचारल्यावर घातलं, असं टॅसिटस म्हणतो. ठरावात क्लॉडियस आहे, आणि यादीच्या अगदी शेपटाला आहे.